विचारा बाईंना : पौर्णिमेला वाळूत तंबू नको

नोव्हेंबर उजाडला की आपल्या सोलापूरला समुद्र आठवतो. उजनी आहे, हिप्परग्याचा तलाव आहे, पण भरती-ओहोटी असलेलं पाणी गाठायचं तर चारशे किलोमीटर जावं लागतं. या खेपेच्या पत्रांत तंबूची पत्रं जास्त आहेत. एकाला सविस्तर उत्तर देते, बाकीच्यांनी त्यातून आपापलं उचलावं.

प्रश्न : आम्ही दोघी जावा, दोघींचे मिस्टर, चार मुलं आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई असे नऊ जण दत्त जयंतीला कोकणात जाणार आहोत. गणपतीपुळ्याचं दर्शन करून जवळच्या एखाद्या मोकळ्या किनाऱ्यावर दोन रात्री तंबूत राहायचं आहे. पौर्णिमा असल्यामुळे चांदणंही मिळेल. चार-चार माणसांचे दोन तंबू मागवले आहेत. घरात दिंडीची परंपरा असल्यामुळे राहुटी ठोकायची सवय आहे. आणखी काय काय लागेल?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी तारीख बदला. काय काय लागेल ते नंतर बघू.

मी हे ठासून सांगते, कारण मी स्वतः बुडता बुडता राहिले आहे. तिशीत होते. सासऱ्यांच्या दिंडीची एक राहुटी मागून घेतली आणि आम्ही नवरा-बायको, दीर आणि नणंद असे चौघं लाल गाडीनं रत्नागिरीला गेलो. भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पाचला पोचलो, तर समुद्र कुठच्या कुठे लांब. पुढ्यात सपाट, ओली, टणक वाळू, अगदी सारवलेल्या अंगणासारखी. दीर म्हणाले, वहिनी, एवढी चांगली जागा पंढरपुरात तरी मिळते का? तिथंच राहुटी ठोकली. भाकरी-पिठलं केलं, चांदण्यात गाणी म्हटली, झोपलो. रात्री साडेदहाच्या सुमाराला मला पायाला गार लागलं म्हणून चादर ओढली, तर ती येईना. सोलापुरी चादर कोरडी असतानाच काय वजनाची असते ते तुम्हाला सांगायला नको, भिजल्यावर ती पिळायला दोन माणसं लागतात. उठून बघते तर माझी एक चप्पल राहुटीच्या दारातून आत येत होती. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पाणी शिरून खळ झाली होती. मेखा वाळूतून आपोआप सुटल्या होत्या आणि मधला बांबू दीर दोन्ही हातांनी धरून उभे होते.

लाज कशाची वाटावी, तर त्याच वर्षी मी आठवीला भरती-ओहोटी शिकवली होती. फळ्यावर चंद्र काढला होता, पृथ्वी काढली होती. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, म्हणून त्या वेळी सगळ्यात मोठी भरती येते, तिला उधाणाची भरती म्हणतात, हे मुलींकडून पाच वेळा लिहून घेतलं होतं. पण ती भरती किती वाजता येते, हे पुस्तकात नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं.

ते मला दुसऱ्या दिवशी भाट्याच्याच एका मावशींनी सांगितलं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. आपल्या आजोबांच्या पिढीला पाऊणकीचा पाढा पाठ असायचा, तोच. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरापाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराच्या सुमाराला भरती पूर्ण, दिवसाही आणि रात्रीही. तिथून सव्वासहा तास मागे या, म्हणजे संध्याकाळी पाचला समुद्र सगळ्यात लांब. आम्ही नेमके तेव्हाच पोचलो होतो! एकादशीला अकरापाऊण सव्वाआठ. अष्टमीला सहा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. भरती रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते म्हणून हे जमतं. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल, पण तंबूची जागा ठरवायला पुरतं. आता फोनवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, तेही बघा. मी अजून कालनिर्णयच बघते.

म्हणून माझं ऐका, आठवडाभर आधी जा. बाळ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीचा भंडारा उधळून झाला की दोन दिवसांनी अष्टमी. अष्टमीच्या सुमाराला समुद्राचा जोर सगळ्यात कमी असतो, त्याला कोकणात भांग म्हणतात. शिवाय भरती संध्याकाळी सहाला, म्हणजे तुम्ही तंबू उघडत असता तेव्हाच पाणी सगळ्यात वर आलेलं असतं. ते कुठवर येतं हे डोळ्यांसमोर दिसतं, अंदाज करावा लागत नाही. मध्यरात्री ओहोटी. आणि शुद्ध अष्टमीचा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो, मध्यरात्रीपर्यंत मावळत नाही. मुलं जागी असेपर्यंत चांदणं मिळतंच, मग आणखी काय पाहिजे?

जागा कशी निवडायची, ते सांगते. किनाऱ्यावर वाळलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या यांची एक लांबलचक रेघ दिसेल. ती शेवटच्या भरतीची. कधी कधी तिच्या वर आणखी एक जुनी, फिकट रेघ असते, ती मागच्या उधाणाची. त्याही वर गेलात की वाळूवर पसरलेली हिरवी वेल लागते. जांभळी फुलं, आणि पान आपट्यासारखं टोकाला दुभंगलेलं. तिचं नावच मर्यादवेल. समुद्राची मर्यादा ती दाखवते. पाणी नेहमी येतं तिथं ती टिकत नाही. तंबू तिच्या मागे, तिच्यावर नव्हे. वाळू धरून ठेवायचं काम ती करते, तुडवू नका. तिच्या मागे बहुतेक ठिकाणी सुरूचं बन असतं. सावली छान, खाली सुयांची गादी. पण त्या सुया काडीसारख्या पेटतात, तिथं चूल मांडायची नाही. नारळाखाली तर तंबू नकोच. का, ते लिहायला नको.

आता तुमच्या राहुटीच्या सवयीबद्दल. पंढरपूरची काळी माती मेख धरून ठेवते, उपटायला दोघं लागतात. कोरडी वाळू काहीच धरत नाही. तंबूबरोबर आलेल्या बोटभर जाडीच्या खुंट्या पिशवीतच राहू द्या. त्याऐवजी रिकाम्या पिशव्या न्या, मैद्याच्या, सिमेंटच्या, कुठल्याही. त्यात वाळू भरायची, तोंड दोरीनं आवळायचं, तीच दोरी तंबूला बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरून वरून पायानं दाबायची. आठ पिशव्यांत दोन्ही तंबू हलणार नाहीत.

‘चार माणसांचा’ म्हणजे काडेपेटीतल्या काड्यांसारखी झोपलेली चार माणसं. सामान धरलं तर दोन मोठी आणि एक मूल. तुमचा हिशोब इथंच चुकतोय, एक तंबू आणखी लागेल किंवा काही जणांना खोली. सासूबाईंना खोलीच घ्या. दिवसा समुद्रावरून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. डिसेंबरात पहाटे हे मतलई वारे अंगात शिरतात. वर दहिवर इतकं पडतं की तंबूच्या आतल्या बाजूनंही थेंब गळतात. आपली हाडं कोरड्या हवेची, त्यांना ही ओल सोसत नाही. दोन्ही बाजूंच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवल्यात तर थेंब कमी होतील. सगळं बंद करून आत शेगडी पेटवायची तर मुळीच नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेलं माणूस झोपेतच जातं.

माझी खरी शिफारस अशी की मोकळा किनारा सोडा. गणपतीपुळे-मालगुंडच्या बाजूला घरगुती राहायची सोय करणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एखाद्याच्या नारळी-पोफळीच्या वाडीत तंबू लावू देता का, असं फोन करून विचारा. संडास-बाथरूम, गोडं पाणी, सासूबाईंना खोली आणि समुद्र चार पावलांवर. किनाऱ्यावरच लावायचा हट्ट असेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा. सुरूचं बन बऱ्याच ठिकाणी वनखात्याचं असतं, तिथं त्यांची परवानगी. थंडीत रात्री ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला वाळूत येतात. मोठे दिवे आणि शेकोटी पाहून ती मागे फिरतात. गावातले लोक सांगतील तिथं दिवे मालवा.

एक राहिलं. तुमचे मिस्टर विहिरीत किंवा भीमेत पोहायला शिकले असतील, तर मला त्यांचीच जास्त काळजी आहे. विहिरीचं पाणी कुणाला ओढून नेत नाही. गणपतीपुळ्याचा समुद्र दगाबाज म्हणूनच ओळखला जातो. लाट फुटल्यावर पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेनं जोरात आत परततं, त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीच्या बाहेर पडायचं, मग परतायचं. मुलांना गुडघ्यापर्यंतच सोडा.

प्रश्न : बाई, एक जुनी सतरा सीटची गाडी घेतलो आहे. सीट काढून आत बेड, किचन, एसी बसवून कॅराव्हॅन करणार. मग थेट बीचवर गाडी लावून झोपायचं. आयडिया कशी वाटते?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : ‘गाडी घेतलो’ वाचलं आणि पत्र अस्सल सोलापूरचं हे कळलं. नोकरीत असते तर लाल रेघ मारली असती, आता गोड वाटतं.

सीटला हात लावायच्या आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीत लिहिलेलं गाडीचं मूळ रूप मंजुरीशिवाय बदलता येत नाही. विम्याचंही तसंच. आतलं सगळं बदललंत आणि कंपनीला सांगितलं नाहीत, तर अपघातानंतर हात वर करतील. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे हा प्रकार आता कुणाला परका नाही. पण माझं म्हणाल तर आधी एक तयार कॅराव्हॅन दोन रात्री भाड्यानं घ्या. घरच्यांना त्या पलंगावर झोप लागते का ते कळेल. माझ्या भाच्यानं आधी गाडी बनवली. बायको एक रात्र झोपली, आता त्या गाडीतून कांदे जातात.

एसीचा हिशोब करा. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे बाराशे वॉट-तास. दीड हजार वॉटचा एसी तिच्यावर जेमतेम पाऊण तास चालेल, तोही कागदावर. पंखा मात्र रात्रभर चालेल. डिसेंबर-जानेवारीत समुद्रकाठी एसी लागतच नाही आणि मे महिन्यात पत्र्याच्या गाडीत समुद्रकाठी जाऊ नये. पाण्याची टाकी टपावर नको. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आंबा घाटाच्या वळणांवर ते वर असलं की गाडी डुलते. खाली, दोन चाकांच्या मधे बसवा. गॅसचा सिलिंडर ठेवणार असाल तर त्या कप्प्याला तळाशी बाहेरच्या बाजूनं भोक ठेवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो.

आणि बीचवर गाडी न्यायचीच नाही. परवानगी नसते, शिवाय ओली वाळू वरून टणक दिसते, पण गाडी थांबली की चाकं बसतात. मग भरती येते. (वरचं उत्तर पुन्हा वाचा.) गाडी बनाच्या मागे, लाल मातीवर लावा आणि चालत समुद्रावर जा. टाकीतली घाण कुठे रिकामी करायची ते मुक्कामाच्या मालकाला आधी विचारा. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. खाऱ्या हवेनं पत्रा आतून खायला सुरुवात केली की ते वरून दिसत नाही.

प्रश्न : समुद्रावर चार दिवस खायला इथून काय न्यावं? मासे खात नाही.
– एक वाचक, बाळीवेस

उत्तर : शेंगाचटणी. ती कुठेही, कशीही टिकते. कडक भाकरीबद्दल मात्र सावध राहा. इथं महिनाभर कुडकुडीत राहणारी भाकरी तिथल्या दमट हवेत डबा उघडा राहिला तर तासाभरात चामड्यासारखी होते. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि भाकरी चार-चारच्या पिशव्यांत बांधून ठेवा, एका वेळी एकच पिशवी फोडा. तरी वातड झालीच, तर तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. आमच्या त्या भाट्याच्या रात्री पाणी लागलं नव्हतं ते फक्त भाकरीच्या डब्याला. दिरांनी तो डोक्यावर ठेवला होता.