चवीला वाईट म्हणजे नेमकं कसं?

तुमचा प्रश्न असा: मुलगी न आवडणाऱ्या प्रत्येक पदार्थाला 'यक' म्हणते, मराठीत 'घाण' आणि 'कडू' याशिवाय काही शब्द आहेत का?

आहेत, आणि भरपूर आहेत. पण आमच्याकडे ते नाक मुरडण्यापेक्षा कामाला जास्त येतात. मी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढले. आजी बोटावर घेऊन चाखायची, एकच शब्द बोलायची आणि त्या जिनसाचं पुढे काय करायचं ते तिथेच ठरायचं. जवसाच्या तेलाला खूप दिवस झाले की घशात खरखरतं. "खवट झालं वं माय, आता दिव्याले ठेव." तेलाला हवा लागली की ते खवटतं, आणि जवसाचं तर फारच लवकर. खोबरं, शेंगदाणेही खवटच होतात. वरण मात्र कधी खवट होत नाही, ते विटतं; आमच्या बोलीत 'इटलं'. आणि पीठ आंबतं. घरोघरी 'जीव विटला', 'अंग आंबलं' म्हणतात, ते यातूनच आलेलं.

मला सगळ्यात आवडतो तो 'कळकणे'. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक राहिलं की ते कळकतं, हिरवट होतं. एकदा मी आळस करून रात्रभर ताक तसंच ठेवलं. सकाळी आजीने नुसता वास घेतला. "कळकलं. ढोराले बी नोको देऊ." आणि पातेलं उकिरड्यावर रिकामं केलं. घरात स्टील आलं तशी कल्हई गेली, आणि तिच्याबरोबर हा शब्दही चाललाय.

पाण्याचं तर विचारूच नका. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत बऱ्याच गावांच्या विहिरी खाऱ्या आहेत. ताईचा नवरा पुण्याचा. पहिल्यांदा आला तेव्हा एक घोट घेतला आणि थांबून तांब्यात वाकून बघितलं. आजी म्हणाली, "मीठ नाई टाकलं बाप्पा, पानीच खारं हाये आमचं." चहात कितीही साखर घाला, मागून खारटपणा येतोच. धड खारंही नाही आणि गोडंही नाही ते 'मचूळ'. 'गोडं पाणी' म्हणजे साखरेचं नव्हे, पिण्याजोगं. पाहुण्यांना हे समजावून सांगावं लागतं.

तुरट ही तर धड चवही नव्हे. कच्चं टेंभरू, म्हणजे तेंदूचं फळ, खाऊन बघा: त्यातलं टॅनिन नावाचं द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, जीभ जाड होते, गाल आतून आवळतात. म्हणजे ते जिभेला चवीपेक्षा स्पर्शानेच कळतं.

बाकीचे भराभर सांगते. मीठ नसेल तर अळणी, मीठ असूनही जोर नसेल तर सपक, पाणी जास्त झालं तर पाणचट (विनोदही). बुडाला लागलं तर करपट, चावता चावत नाही ते वातड, पावसाळ्यात मऊ पडलेला पापड सादळलेला. जोर द्यायचा असेल तर कडूजहर, आंबटढाण, तिखटजाळ. गोडमिट्ट ही तारीफ नाही, हे पाहुणे गेल्यावर कळतं.

कधी दोष पदार्थात नसतोच. नावडतीचं मीठ अळणी. आमच्या मोठ्या काकूने केलेली अंबाडीची भाजी आजीला आयुष्यभर 'सपक' लागली. तीच भाजी माझ्या आईने केली असं सांगून वाढली की ती दुसऱ्यांदा मागायची.

तेव्हा मुलगी 'यक' म्हणाली की तिला एवढंच विचारा, "काय झालंय त्याला?" करपलंय का, आंबलंय का, की नुसतं आवडत नाही? फक्त 'कडू' कारल्यापुरता ठेवायला सांगा. खेड्यात तो माणसाला लावला की शिवी होते, आणि 'कडू बेणं' म्हटलं तर समोरचा चव विचारायला थांबत नाही.