हाडांवरून मृत व्यक्ती बाई होती की पुरुष, आणि ती कशी जगली, हे खरंच कळतं का?

कळतं, पण हाडं बघितली तर. बऱ्याचदा मणी बघून काम उरकतात.

पुरातत्त्वात एमए करत असताना उत्खननाच्या एका साइटवर होते. सांगाडा लागला होता, आम्ही दोघी ट्रेंचमध्ये उकिडव्या बसून बांबूच्या काडीने नि ब्रशने माती काढतोय, गळ्यापाशी लालसर अकीकाचे मणी दिसले आणि वरून सरांनी रजिस्टरवाल्या मुलाला सांगितलं पण, लिही, प्रौढ स्त्री. कंबरेखालची माती अजून निघायची होती! म्हटलं सर, पेल्विस तरी बघू, म्हणजे कंबरेचं हाड, बाई की पुरुष ते त्यावरून कळतं. तर म्हणे, "अगं, मणी काय पुरुष घालणारेत?" स्वतःच्या गळ्यात सोन्याची चेन, बोटात पोवळं. पुढे पेल्विस निघालं ते पार चुरा झालेलं, कवटीही दबलेली, म्हणजे ठामपणे काही सांगायची सोयच नाही. रजिस्टरात मात्र स्त्री ती स्त्रीच राहिली.

हे काय आपल्याकडेच चालतं असं नाही. स्वीडनमध्ये बिर्का इथे १८७८ साली एक कबर उकरली, तलवार, कुऱ्हाड, बाण, ढाली, सोबत दोन घोडे. झालं, व्हायकिंग योद्धा, पुरुष! पुढे हाडं बघणाऱ्यांनी शंका काढली तरी कुणी फारसं मनावर घेतलं नाही, २०१७ ला डीएनए आला तर ती बाई. मग लगेच सुरू, हाडांची अदलाबदल झाली असेल, शस्त्रं तिची नसतीलच. पुरुष समजत होते तोवर हे प्रश्न एवढ्या हिरिरीने कुणी विचारले होते का?

आपलं इनामगाव घ्या, शिरूर तालुक्यातलं, जिथे उत्खननात हजारो वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. तिथे मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडायचे, पण एकाला चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलंय, पावलांसकट. पुरुष, साधारण चाळिशीचा. तो गावाचा प्रमुख असावा म्हणतात. असेलही. पण रांजणात बाई निघाली असती तर प्रमुख म्हटलं असतं, की प्रमुखाची बायको?

तर कुठल्याही म्युझियममध्ये पाटीवर "स्त्री" दिसलं की बेधडक विचारा, हाडं बघून लिहिलंय की दागिने बघून? नक्की नसेल तर "अनिश्चित" लिहावं, त्यात कुणाची नोकरी जात नाही.

आणि हो, जगण्याबद्दल विचारलंत ते राहिलंच. दातांच्या एनॅमलमधल्या, म्हणजे वरच्या कडक थरातल्या, स्ट्रॉन्शियमवरून (माती-पाण्यातून अंगात येणारं एक मूलद्रव्य) बालपण त्याच भागात गेलं की दुसरीकडे याचा अंदाज येतो, लहानपणी उपासमार किंवा मोठं आजारपण झालं असेल तर दातावर आडव्या रेघा राहतात. लहान मुलांचं लिंग नुसत्या हाडांवरून खात्रीने कळत नाही, एनॅमलमधल्या प्रोटीनवरून आता कळतं. आपल्या उन्हात डीएनए फार क्वचित टिकतो, त्यामुळे लॅबवाले सगळं सांगतील अशी आशा नको. शिवाय लिंग कळलं तरी त्या गावात तिला नेमकं काय म्हणून वागवायचे, हे हाड सांगत नाही.