जुन्या ट्रकला नव्या रंगाचे ठिगळ

प्रश्न : माझा २००७ सालचा ट्रक हंगामात ऊस आणि एरवी सोयाबीन वाहतो. केशरी केबिनच्या डाव्या दाराला खालून गंज धरल्यामुळे कंपनीच्या कलर कोडप्रमाणे रंग आणून तेवढाच भाग स्प्रे केला. तो ठिगळासारखा उठून दिसतो, शिवाय कडेने रंगाला सुरकुत्या पडल्या आहेत. पूर्ण केबिन रंगवणे परवडणारे नाही. काय करावे?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : कलर कोड खोटा नाही, तो ट्रक नवा असतानाचा रंग सांगतो आणि आपला ट्रक इतकी वर्षे उन्हात उभा आहे. दार उघडून चौकटीच्या आतली, ऊन न लागलेली बाजू पाहिलीत, तर आपण आणलेला रंग तिथे बहुधा जुळेल. म्हणून रंग जुळवायचा तो आजच्या केबिनशी. त्याआधी दाराचा तळहाताएवढा भाग ओल्या फडक्याने रबिंग कंपाउंड लावून घासावा. फडके केशरी होईल, कारण वरचा रंग उन्हाने भुकटीसारखा झालेला असतो, आणि त्याखालून निघणारी गडद छटा हाच खरा नमुना होय. ट्रकच दुकानासमोर नेऊन त्या जागेशी रंग जुळवून घ्यावा. ट्रकमागे नक्षी आणि नावे रंगवणारा जुना पेंटर कुणी ओळखीचा असेल, तर या कामात मी रंग जुळवणाऱ्या मशीनपेक्षा त्याच्या नजरेवर अधिक भिस्त ठेवीन. तयार रंगाचे दोन हात पत्र्याच्या तुकड्यावर द्यावेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि तो तुकडा दाराला टेकवून उन्हात व सावलीत पाहावा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो.

सुरकुत्यांचे कारण निराळे आहे. जुन्या सिंथेटिक इनॅमलवर तीव्र थिनरचा रंग मारला, की थिनर खालचा थर फुगवतो. आडबाजूला एन.सी. (नायट्रोसेल्युलोज, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाच्या) थिनरचा बोळा मिनिटभर दाबून धरावा : रंग विरघळून बोळ्याला लागला तर तो एन.सी., फुगून सुरकुतला तर इनॅमल आणि काहीच झाले नाही तर हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) मिसळून मारलेला रंग समजावा. इनॅमल निघाल्यास इनॅमलच वापरावे. मात्र सुरकुतलेला भाग पॉलिश पेपरने घट्ट थरापर्यंत घासल्याशिवाय वर काहीही मारू नये.

गंजावर थेट लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरण्याची आपल्याकडची सवय मला मुळीच मान्य नाही. लांबी पाणी शोषते आणि आतल्या आत पत्रा खाल्ला जातो. दाराच्या तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रे धूळ-पाचटाने बुजली आहेत का, ते आधी पाहावे, कारण गंजाचे मूळ बहुधा तिथेच असते. पेचकस टोचून आरपार गेला, तर तेवढा पत्रा कापून वेल्डिंग करावे. अन्यथा लखलखीत धातू दिसेपर्यंत घासून त्याच दिवशी प्राइमर मारावा आणि लांबी त्यानंतर भरावी.

रंग दाराच्या मध्येच थांबवू नये. संपूर्ण दार रंगवावे, म्हणजे उरलेला किंचित फरक दाराच्या फटीत लपतो आणि खर्चही एका दारापुरताच राहतो. वैशाखात पत्रा इतका तापतो, की थिनर वाटेतच उडून रंग खरखरीत बसतो. तेव्हा पाऊस उघडल्यावर, उसाच्या फेऱ्या सुरू होण्यापूर्वी, दव सुकल्यानंतरच्या सकाळी हे काम करावे.