साहेबांच्या दौऱ्यात कॅमेरा कुठपर्यंत जातो?

परदेश दौऱ्यांच्या आणि इथे येणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या चित्रीकरणाबद्दलची काही पत्रे या अंकात घेतली आहेत. जागेअभावी ती थोडी आटोपशीर केली आहेत.

परराष्ट्र सेवेतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परदेश दौऱ्यावर ४८ मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. वाहिनी तयार आहे, अधिकारीही तोंडी 'हो' म्हणाले आहेत. तरी आमचे पत्र दिल्लीत दोन महिने भिजत पडले आहे. घोडे कुठे अडले असेल?
— निर्माती, गोरेगाव

अधिकाऱ्यांचा होकार उपयोगी आहे, पण परवानगी त्यांच्या हातात नसते. दौरा म्हणजे विमान, गाडी, दूतावास, हॉटेल, यजमानांचे सभागृह अशा निरनिराळ्या जागा, आणि प्रत्येक जागेवर हुकूम वेगळ्याचा. तुमच्या पत्रात 'संपूर्ण दौऱ्याचे चित्रीकरण' असे शब्द असतील, तर त्यावर सही करण्याचा अधिकार कोणत्याच टेबलाला नाही. म्हणून कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

दौरा मागू नका, प्रसंग मागा. निघण्याआधीची तयारीची बैठक, पहिली ५ मिनिटे, आवाजाशिवाय. दूतावासातला भारतीय समुदायाचा कार्यक्रम, पूर्ण. चर्चेच्या खोलीत हस्तांदोलन आणि सगळे स्थानापन्न होईपर्यंतची दृश्ये. परतीच्या वाटेवर गाडीत १५ मिनिटांची मुलाखत. इतके नेमके लिहिले की प्रत्येक ओळीवर संबंधित माणूस 'हो' किंवा 'नाही' लिहू शकतो, आणि दोन 'नाही' आले तरी बाकीचे पदरात पडते.

पत्र परराष्ट्र मंत्रालयाच्या बाह्य प्रसिद्धी विभागाला लिहा; दिल्लीत त्याला सरळ 'एक्सपी' म्हणतात. एक प्रत त्या देशाचे काम पाहणाऱ्या संयुक्त सचिवांना, दुसरी तिथल्या आपल्या दूतावासात प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला. ही शेवटची प्रत बहुतेक निर्माते विसरतात, आणि यजमानांच्या राजशिष्टाचार खात्याशी प्रत्यक्ष बोलणारा माणूस तोच असतो. सोबत वाहिनीचे नेमणूक पत्र, पासपोर्टच्या प्रती आणि सामानाची अनुक्रमांकासह यादी जोडा. माणसे तीनच ठेवा: कॅमेरा, ध्वनी, दिग्दर्शक. चौथे नाव आले की गाडीतली जागा आडवी येते.

'प्रसारणाआधी दाखवा' ही अट बहुधा येईल. ती सरसकट मान्य करू नका आणि सरसकट धुडकावूही नका. पाहणी फक्त सुरक्षेपुरती आणि पडद्यावर वाचता येणाऱ्या कागदांपुरती, उत्तर ठरावीक दिवसांत, हे लेखी घ्या. खरी काळजी चित्रीकरणातच घ्यावी लागते. टेबलावरची टिपणे, भिंतीवरचा फळा, उघडे फोन चौकटीत येऊ देऊ नका. यजमानांच्या भिंतीवर नकाशा असेल तर तो आधी बघा. भारताच्या सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळता छापणे-दाखवणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि संकलनाच्या टेबलावर असा शॉट वाचवणे जिकिरीचे होते.

अधिकाऱ्यांच्या कोटाला रेडिओ माइक लावायचा मोह आवरा. साधा अॅनालॉग माइक म्हणजे छोटे प्रक्षेपण केंद्रच. त्या लहरी ज्याला सापडतील तो ऐकतो. कूटबद्ध डिजिटल माइक असला तरी समोरच्या देशाचे शिष्टमंडळ बसलेल्या खोलीत तो चालत नाही. दाराशी माइक बंद करून नव्हे, काढून घ्यायचा. तो चुकून अंगावर राहिला आणि सुरक्षेच्या लक्षात आला, तर तिथून पुढचे सगळे प्रसंग गेले म्हणून समजा. गाडीत आणि इमारतीच्या मार्गिकेत काठीवरचा माइक, म्हणजे बूम, पुरतो. परदेशात कोणतीही बिनतारी यंत्रणा वापरायची, तर लहरींची परवानगी त्या देशाकडून दूतावासामार्फत आधीच मागा.

विमानाचे म्हणाल, तर पंतप्रधानांच्या विमानातून पत्रकारांचा मोठा ताफा नेण्याची पद्धत २०१४ नंतर बंद झाली. अधिकारी बहुतेक वेळा नेहमीच्या प्रवासी विमानानेच जातात. त्याच विमानाचे तिकीट काढा. मात्र केबिनमध्ये व्यावसायिक कॅमेरा काढण्यासाठी विमान कंपनीचे वेगळे पत्र लागते.

व्हिसा पर्यटकाचा काढू नका. अमेरिकेसाठी माध्यमांचा 'आय' व्हिसा आहे. व्यवसाय-पर्यटनाच्या बी१/बी२ वर हे काम चालत नाही. दौरा संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचा असेल तर न्यूयॉर्कमध्ये दारे दोन: पत्रकार म्हणून स्वतः माध्यम अधिस्वीकृती कक्षाकडे अर्ज, किंवा आपल्या स्थायी प्रतिनिधी कार्यालयामार्फत शिष्टमंडळाचा अधिकृत कॅमेरा म्हणून. दुसऱ्या दाराने जास्त आत जाता येते, पण तुम्ही सरकारी चमूचा भाग होता. स्वतंत्र माहितीपट करायचा असेल तर पहिलेच दार घ्या, असे आमचे मत.

आता सामान. एटीए कार्नेट म्हणजे सामान तात्पुरते परदेशी नेऊन शुल्क न भरता परत आणण्याचा कस्टमचा दस्तऐवज. तो देश हे कार्नेट मानत असेल तर ते काढा. भारतात ते फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते, मुदत जास्तीत जास्त १ वर्ष. यादी एकदा निघाली की तिच्यात वस्तू वाढवता येत नाही, म्हणून आयत्या वेळी भाड्याने घेतलेली लेन्स कार्नेटबाहेरच राहते. जाताना-येताना आपल्या कस्टमसाठी कार्नेटमधले पिवळे कागद, तिकडच्यासाठी पांढरे. सहार विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी शिक्का घ्या. पेट्या पट्ट्यावर गेल्या की अधिकाऱ्याला दाखवायला काही उरत नाही. तिकडून निघताना पांढऱ्या कागदावरचा शिक्का राहिला तर सामान तिथेच विकले असे धरून नंतर शुल्काची मागणी येते. शेजारच्या काही देशांत कार्नेट चालत नाही. तिथे तात्पुरत्या आयातीचे पत्र दूतावासामार्फत मिळवा, आणि निघताना इथल्या कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, नाहीतर परतल्यावर स्वतःच्याच कॅमेऱ्यावर शुल्क भरण्याची वेळ येईल.

सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा अडचण नाही. १०० ते १६० च्या दोनच, त्याही कंपनीच्या संमतीने. त्यावरच्या प्रवासी विमानात नेताच येत नाहीत. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा: १४.४ गुणिले ६.८ म्हणजे ९८. बॅटरीवरचा आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा रक्षक ती काढून ठेवतो, हिशेब ऐकत बसत नाही.

आमची अंधेरीत लाइन प्रॉडक्शनची कंपनी आहे. एका परदेशी वाहिनीला त्यांच्या मंत्र्यांची मुंबई भेट चित्रित करायची आहे. हॉटेलची आणि रस्त्यावरच्या चित्रीकरणाची परवानगी आम्ही काढली आहे. आणखी काय लागेल?
— लाइन प्रोड्यूसर, अंधेरी पूर्व

काढलेल्या दोन्ही परवानग्या त्या दिवशी कुचकामी ठरू शकतात. बंदोबस्त लागला की पोलिसांचा शब्द अखेरचा. पाहुणे ज्या मजल्यावर उतरतील तिथे हॉटेलच्या व्यवस्थापकाचेही चालत नाही. चित्रनगरीच्या 'एक खिडकी' योजनेतून मिळालेला कागद मालिकेसाठी ठीक, ताफ्यासाठी नाही.

चमू पत्रकार व्हिसावरच येऊ द्या. त्यांचा अर्ज त्यांच्या देशातल्या भारतीय दूतावासामार्फत एक्सपीकडे जातो. इकडे मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागाची राजशिष्टाचार शाखा, पोलिसांची विशेष शाखा आणि त्या देशाची मुंबईतली वकिलात, या तिघांच्या यादीत नावे एकाच स्पेलिंगने हवीत. पासपोर्टवर तीन शब्दांचे नाव आणि यादीत दोन शब्दांचे, एवढ्यावरून माणूस फाटकाबाहेर राहतो. विमान कलिन्याच्या गेट ८ च्या, म्हणजे खासगी व विशेष विमानांच्या, बाजूला उतरणार असेल तर विमानतळाचा पास वेगळा. तो वकिलातीमार्फत मागा, स्वतः धावपळ करू नका.

आतल्या कार्यक्रमांना 'पूल' असतो: सर्वांच्या वतीने एक कॅमेरा, दृश्ये सर्वांना. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर मुंबईत आले तेव्हा मोदींशी त्यांची चर्चा राजभवनात झाली. २०१० मध्ये ओबामा मणिभवनला गेले होते. मणिभवनसारख्या लहानशा घरात दहा कॅमेरे मावणार कसे? तुमच्या वाहिनीला सांगा की चर्चेची दृश्ये पूलमधून घ्यायची आणि आपला कॅमेरा खुल्या कार्यक्रमांवर ठेवायचा. जागा दोन तास आधी धरा. सामान श्वान पथक आणि बॉम्बशोधक पथक तपासते. तपासणीनंतर पिशवी बाहेर नेली की पुन्हा पहिल्यापासून.

ड्रोनचे नाव काढू नका. थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन चमूतल्या कुणी आणला तर प्रकरण अटकेपर्यंत जाऊ शकते, हे त्यांना विमानात बसण्याआधी कळवा. मोबाइल सिमकार्डांवरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या बॅकपॅकवर भिस्त नको. ताफ्यासोबत जॅमर असले तर पॅकमधली सगळी सिमकार्डे एकदमच मुकी होतात, मग ती चार कंपन्यांची असोत की सहा. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवर चित्रमुद्रण करा आणि ताफा पुढे गेल्यावर पाठवा.

आम्ही चालू घडामोडींचे कार्यक्रम करतो. दौऱ्याच्या यजमान देशाची सरकारी संस्था तिकिटे, हॉटेल आणि निर्मितीखर्चाला थोडी रक्कम देऊ करते आहे. घ्यावी का?
— कार्यकारी निर्माता, दादर

रक्कम नको. २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याच्या कलम ३ नुसार बातम्या आणि चालू घडामोडींचे दृक्‌श्राव्य कार्यक्रम करणाऱ्या कंपनीला परदेशी योगदान घेता येत नाही. व्यवसायाच्या ओघात मिळालेला मोबदला वेगळा, पण 'दौऱ्यासाठी मदत' हा मोबदला ठरत नाही. तिकीट-हॉटेलबद्दल वकिलाचे लेखी मत घ्या. आमचा कल तेही स्वखर्चाने करण्याकडे आहे.

पत्रकारितेचा विद्यार्थी आहे, अधिस्वीकृती नाही. या विषयावर लघुपट करता येईल?
— विद्यार्थी, कलिना

पीआयबीचे, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचे, अधिस्वीकृती कार्ड अनुभवाशिवाय मिळत नाही, म्हणून ते दार सोडा. परराष्ट्र मंत्रालयाच्या साप्ताहिक पत्रकार वार्तालापाचे चित्रमुद्रण मंत्रालयाच्या यूट्यूब वाहिनीवर असते. मुंबईतल्या वकिलातींचे ग्रंथालय, चित्रपट महोत्सव, राष्ट्रीय दिन असे कार्यक्रम होतात. तिथल्या माध्यम अधिकाऱ्याला महाविद्यालयाच्या पत्रासह १० मिनिटांची मुलाखत मागा. जुनी दृश्ये हवी असतील तर फिल्म्स डिव्हिजनचा संग्रह आता एनएफडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. पेडर रोडच्या त्यांच्या कार्यालयात जाताना कोणत्या साली कोणता पाहुणा आला होता, ते टिपून न्या. 'जुने परराष्ट्र दौरे दाखवा' म्हटले तर कुणी काहीच शोधून देणार नाही.