इंजिनीअर नसलेल्या माणसाला म्युझियममधल्या जुन्या विजेच्या गाड्यांच्या दुरुस्तीला घेतात का?

घेतात, आणि आनंदाने घेतात. तुम्ही बडोद्याचे, बी.कॉम., दोन वर्षांसाठी शिकागोला निघालात आणि तिथल्या इलिनॉय रेल्वे म्युझियममध्ये आपला काही उपयोग होईल का, असं विचारताय. माझी सगळी नोकरी बडोद्यातच विजेच्या इंजिनांवर फिटर म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर मुलीकडे शिकागोला गेलो, तेव्हा युनियन गावातल्या या म्युझियममध्ये चार-पाच शनिवार काढले. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे येऊनही शेडच?"

म्युझियम मुळात हौशी लोकांचंच. १९५३ साली दहा जणांनी शंभर-शंभर डॉलर काढून इंडियाना रेलरोडचा ६५ नंबरचा डबा विकत घेतला, तिथून सुरुवात. आज तिथे स्वतःच्या रुळांवर ६०० व्होल्ट डीसीच्या तारेखाली जुन्या गाड्या धावतात. त्या तारेजवळ मात्र नवख्याला कुणी फिरकू देत नाही.

दुरुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोटर येते. मोटर चिवट असते हो, खरं वैर पाण्याशी. लाकडी डब्याच्या छतावर फळ्या, त्यावर ताणून बसवलेलं कॅनव्हास आणि त्यावर रंगाचे थर. कॅनव्हासला एक चीर गेली की पाणी मुरत राहतं, आणि मग कडेचं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं बोटाने निघतं. म्हणून बाराआणे काम सुतारकामाचं आणि रंग खरवडण्याचं. जुन्या रंगात शिसं असतं, तेव्हा मास्कचा कंटाळा करू नका.

तिकडे ट्राम बंद पडल्यावर कित्येक डबे चाकं काढून विकले गेले. कुणी त्यात संसार केला, कुणी कोंबड्या पाळल्या. असा नुसता सांगाडा हाती आला की बोगी म्हणजे खालची चाकांची चौकट, मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर दुसऱ्याच गाडीचे हुडकायचे. त्याच्या नोंदी आणि हिशेब ठेवायला बी.कॉम.वाला लागतोच.

एका शनिवारी एक आजोबा आर्मेचरपुढे, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागापुढे, स्टूल टाकून बसले होते. त्याच्या टोकाला कम्युटेटर, म्हणजे वीज आत घेणारा गोल भाग असतो. त्यावर तांब्याच्या पट्ट्या आणि दोन पट्ट्यांमध्ये अभ्रक. तांबं झिजतं, अभ्रक तितकं झिजत नाही, ते वर राहतं. मग पट्ट्यांवर टेकून वीज पोचवणारा कार्बन ब्रश उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. म्हणून एकेका खाचेतलं अभ्रक कोरून जरा खाली न्यायचं. त्यांच्या हातात हॅकसॉ ब्लेडचा तुकडा होता, एका टोकाला चिंधी गुंडाळलेला. माझ्या पेटीत अगदी तसाच होता! माझं इंग्रजी यथातथाच. मी एका खाचेची कड नखाने तपासून मान हलवली, तसं त्यांनी ब्लेड माझ्या हातात दिलं. दुपारपर्यंत आम्ही फार तर दहा शब्द बोललो असू.

तेव्हा पहिल्याच दिवशी मोटरचं काम मागू नका, खरवडणी मागा. निघण्याआधी प्रतापनगरचं रेल्वेचं हेरिटेज पार्क बघून घ्या. तिथे वीज नाही, नॅरोगेज आहे. गायकवाडांच्या त्या डभोई–मियागाम गाडीला १८६२ साली बैल जुंपायचे. आणि ओळखीच्या एखाद्या सुताराकडे आठवडाभर बसून पटाशीला धार लावायला शिका. ते व्हिडिओ बघून येत नाही.