ईजीआर सेन्सर बदलण्याआधी

मित्रा, चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून लगेच नवा ईजीआर सेन्सर मागवू नकोस. (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडतो तो ईजीआर व्हॉल्व्ह, आणि तो किती उघडलाय हे सांगतो तो हा सेन्सर.) आधी गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लाव. पी०४०१ कोड म्हणजे एक्झॉस्टचा वायू पुरेसा परत फिरत नाहीये. डिझेल गाडीत हे बहुतेकदा काजळीचं काम, सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो. पी०४०५ किंवा पी०४०६ आला तर मात्र संशय सेन्सरवर नाहीतर त्याच्या वायरिंगवर.

मग मल्टिमीटर काढ. इंजिन बंद, सेन्सरचा कनेक्टर सोडवायचा, इग्निशन ऑन. एका पिनवर ५ व्होल्ट आणि दुसरीवर अर्थिंग मिळतंय का बघ. मिळत नसेल तर सेन्सर सोड, वायर तपास. (उंदरांनी कुरतडलेली वायर ही आपल्याकडची नेहमीची रड.) पुरवठा ठीक असेल तर कनेक्टर परत लावून सिग्नलच्या वायरला मागून मल्टिमीटरची बारीक पिन लाव आणि स्कॅनरवरून व्हॉल्व्ह हळूहळू उघड. बहुतेक गाड्यांत व्होल्टचा आकडा सलग चढतो. मध्येच शून्यावर आपटला, तर सेन्सर गेला. हललाच नाही, तर व्हॉल्व्ह काजळीने जाम झालाय का ते आधी बघ.

बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर सुटा मिळत नाही, अख्खा व्हॉल्व्ह घ्यावा लागतो, म्हणून एवढी खटपट.