सोशल मीडिया कंपन्या धार्मिक पोस्ट काढून टाकतात, हे अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या विरोधात नाही का?

कायद्याच्या अंगानं पाहिलं तर बहुतेक वेळा नाही. पण एवढं सांगून थांबलो तर तुमच्यावर अन्याय होईल. तुमच्या मंडळाच्या पेजवरचा कीर्तनाचा व्हिडिओ धड कारण न देता काढला, आणि संविधानानं दिलेला हक्क एखादी कंपनी कशी हिरावून घेते, असं तुम्ही विचारलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, आधारच्या कामाला आलेली माणसं मोबाइल पुढं करतात आणि विचारतात, "भाऊ, आमचा व्हिडिओ काहून उडवला जी?" भजनी मंडळ येतं, बुद्धविहारातली पोरं येतात, उरुसाची कमिटी येते. कंपनी आपल्याच धर्माच्या मागं लागली आहे असं प्रत्येकाला वाटतं. सगळ्यांचे मोबाइल पाहिल्यावर मला तरी तसं वाटत नाही.

संविधानाचं कलम १९ (बोलण्याचं स्वातंत्र्य) आणि कलम २५ (धर्माचं स्वातंत्र्य) हे हक्क आपल्याला मुख्यतः सरकारविरुद्ध मिळालेले आहेत. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून पोलिसांनी अटक केली, त्यानंतर इंटरनेटवरच्या मजकुरावरून गुन्हा लावणाऱ्या आयटी कायद्याच्या ६६अ कलमाविरुद्ध लढा उभा राहिला आणि २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते कलम रद्द केलं. तिथं समोर पोलीस होते, सरकार होतं. खासगी कंपनी स्वतःच्या नियमावर बोट ठेवून पोस्ट काढते तेव्हा मामला वेगळा होतो. २०२३ च्या कौशल किशोर निकालात सुप्रीम कोर्टानं बहुमतानं म्हटलं की कलम १९ आणि २१ (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) चे हक्क सरकारेतर व्यक्तींविरुद्धही मागता येऊ शकतात. त्यामुळं दार बंद झालेलं नाही. पण गावातल्या मंडळानं एका व्हिडिओसाठी हायकोर्टाची पायरी चढावी, असा सल्ला मी कुणाला देणार नाही.

आणि आधी हे तपासा की व्हिडिओ धर्मामुळं गेला की दुसऱ्याच कारणानं. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी तक्रारी कॉपीराइटच्या निघतात. मंडपात मधेच स्पीकरवर कुणाच्या तरी कॅसेटमधलं भजन लावलेलं असतं, कंपनीचं तपासणी करणारं यंत्र ते ओळखतं आणि आवाज बंद करतं. धार्मिक समारंभात गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण तोच समारंभ चित्रित करून इंटरनेटवर टाकला की ती सूट लागू होईलच असं धरून चालू नका. नवसाच्या बोकडाचा व्हिडिओ गेला तर तो रक्त दिसलं म्हणून जातो. यात धर्माचा संबंध नाही आणि त्यावरून गावात तापण्याचं कारणही नाही.

मला खरंच टोचतं ते तिसऱ्या प्रकारचं काढणं. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर विहारातला एक मुलगा आला होता. त्यानं दाखवलेल्या क्लिपमध्ये पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी ट्यूबलाइटखाली उभी राहून बावीस प्रतिज्ञा म्हणत होती. आवाज बसलेला, एका ठिकाणी अडली तेव्हा मागून बायांनी शब्द दिला, मग पुढं गेली. कंपनीनं ती क्लिप 'द्वेषपूर्ण भाषण' ठरवून काढली होती. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, ही पहिलीच प्रतिज्ञा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसमोर दिलेली. ती म्हणणं हाच त्या माउलीचा धर्म आहे. तिनं कुणाला शिवी दिली नाही, कुणावर हात उचला म्हटलं नाही. आम्ही अपील केलं. क्लिप परत आली, पण सोबत कारणाची एक ओळ नव्हती आणि तोवर तो दिवस मागं पडला होता.

आपला कायदा इथं यंत्रापेक्षा शहाणा आहे. धर्माच्या अपमानाचं जुन्या भारतीय दंड संहितेतलं २९५अ कलम १९२७ चं, आता ते भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय. त्यात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं' ही अट आहे. सुप्रीम कोर्टानं १९५७ मध्येच सांगितलं की सहज किंवा अजाणता झालेला अपमान यात बसत नाही. हेतू कळायला बोलणारा माणूस, प्रसंग आणि बोली कळावी लागते. शब्द मोजून तो सापडत नाही.

आपल्या भागात तर हे फारच जपायला हवं. गाडगेबाबा वऱ्हाडीत कीर्तन करायचे आणि बोकड कापणाऱ्यांना, देवाच्या नावानं कर्ज काढून जेवणावळी घालणाऱ्यांना समोर बसवून खडसवायचे. त्या कीर्तनाचा एखादा तुकडा आज कुणी मोबाइलवर टाकला तर तो टिकेल याची मला खात्री नाही. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात रावणाची पूजा होते, मेळघाटात कोरकू मेघनाथाला मानतात. महानुभावांनी तर आपले ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिपीत झाकून ठेवले. एकाची भक्ती दुसऱ्याला खटकते, हे वऱ्हाडाला नवं नाही. खटकलं म्हणून ती पुसायची ठरवली तर इथं फार थोडं शिल्लक राहील.

भाषेचा प्रश्न कंपन्यांनाही माहीत आहे. फेसबुकच्या निर्णयांची तपासणी करणारं ओव्हरसाइट बोर्ड आहे. त्याच्यासमोर भारतातली एक पंजाबी पोस्ट आली होती, शीख समाजाच्या भीतीबद्दलची. ती काढणं चूक होतं असं बोर्डानं २०२१ मध्ये ठरवलं, आणि कंपनीचे नियमच तेव्हा पंजाबीत उपलब्ध नव्हते हेही दाखवून दिलं. पंजाबीची ही गत होती तर वऱ्हाडी, गोंडी, कोरकूचं काय होत असेल?

एक गोष्ट मात्र कंपनीच्या माथी मारून चालणार नाही. पुष्कळदा पोस्ट रिपोर्ट करणारे गावचेच असतात. ग्रुपवर लिंक फिरते, 'सगळ्यांनी रिपोर्ट मारा' असा मेसेज येतो आणि ज्यांनी व्हिडिओ पाहिलासुद्धा नाही तेही बटण दाबतात. आपली पोस्ट गेली की अभिव्यक्ती स्वातंत्र्य आठवायचं आणि शेजाऱ्याची गेली की पेढे वाटायचे, हे मला मान्य नाही. मारा, पेटवा, हाकला असं म्हणणारी पोस्ट जरूर रिपोर्ट करा, मीही करतो. पण म्हातारीच्या प्रतिज्ञेला आणि तुमच्या कीर्तनाला एकच माप लागलं पाहिजे.

आता करायचं काय. २०२१ च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांनुसार प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. हे नियम आले तेव्हा २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपनीनं स्वतःहून काही काढलं तर त्याचं कारण कळवणं आणि तुम्हाला म्हणणं मांडू देणं तिच्यावर बंधनकारक आहे. अधिकाऱ्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन जाता येतं. ही सोय २०२३ पासून आहे आणि आपल्याकडं ती फार कमी लोकांना ठाऊक आहे.

तक्रारीत 'धर्मावर घाला' वगैरे लिहू नका. व्हिडिओची लिंक, काढल्याची तारीख, आलेल्या नोटिशीचा स्क्रीनशॉट जोडा. कीर्तन कोणत्या प्रसंगाचं, आक्षेप कोणत्या वाक्यावर असू शकतो आणि त्या वाक्याचा आपल्या बोलीत अर्थ काय, हे चार ओळींत लिहा. 'कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली काढलं ते कळवा' ही मागणी स्पष्ट शब्दांत करा. मूळ व्हिडिओ मोबाइलमधून डिलीट करू नका. नोटीस काय आली होती ते इथं खाली टाकलंत तर अर्जाचा मसुदा मी करून देतो.